चावंडचा बंदिवान बाळ आणि चाँदबीबी

चाँदबीबीचं नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. बुरुजाला खिंडार पडलं तेव्हा हातात तलवार घेऊन उभी राहिलेली राणी, एवढं चित्र शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं असतं. पण तिच्या आयुष्याचा एक धागा थेट आपल्या जुन्नर तालुक्यातून जातो, आणि तो फार कमी जणांना ठाऊक आहे. ज्या राजासाठी ती अहमदनगरच्या तटावर लढली, तो राजा चालायला लागलेलं एक लेकरू होतं. आणि त्या वेळी ते लेकरू जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत होतं. गुन्हा काही नाही, काझीसमोर उभं करणं नाही, सुटकेची तारीख नाही.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव भागातली आपली पोरं हल्ली सुट्टीच्या दिवशी चावंडला जातात. माणिकडोह धरणाच्या पाण्याजवळचा उभ्या कड्याचा तो किल्ला, वरची पाण्याची सात टाकी, १८२० साली इंग्रजांनी सुरुंग लावून उडवलेल्या पायऱ्या, सगळं पाहून येतात. तिथे कोणाला डांबलं होतं आणि त्याला कोणी सोडवलं, हेही त्यांना माहीत असावं म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अहमदनगरची लेक, विजापूरची सून

चाँद सुलतानाचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील हुसेन निजामशहा, आई खुंजा हुमायून. निजामशाहीची पहिली मुळं जुन्नरचीच. अहमदनगर वसण्याआधी मलिक अहमदने जुन्नरातूनच आपला कारभार उभा केला होता आणि आसपासचे डोंगरी किल्ले एकेक करून घेतले होते. त्यामुळे हा मुलूख चाँदबीबीच्या घराण्याचा जुना वतनदारीसारखा मुलूख होता.

विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकी व्हायची होती. त्यासाठी जे सोयरसंबंध जुळले त्यात चाँदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं आणि सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत विजापूरला गेला. पुढच्याच काळात, १५६५ साली, तालिकोटची लढाई झाली. लग्न राजकारणाचं असलं तरी ती नुसती जनानखान्यात बसून राहिली नाही. घोड्यावर बसायची, नवऱ्याबरोबर मोहिमेवर जायची. अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कन्नड या भाषा तिला येत होत्या असं सांगतात. म्हणजे दरबारातला अमीर, बाजारातला व्यापारी आणि किल्ल्यावरचा मराठी शिपाई, तिघांशीही ती दुभाष्याशिवाय बोलू शकत होती.

माहेरी मात्र वेगळंच चाललं होतं. भाऊ मुर्तझा गादीवर आला तेव्हा लहान होता, म्हणून आईने काही वर्षं कारभार पाहिला. मुलगा मोठा झाला आणि त्याने आईलाच कैदेत टाकलं. पुढे स्वतःच्या मुलालाही त्याने डांबून ठेवलं. त्याच मुलाने १५८८ मध्ये बापाचा जीव घेतला, आणि वर्षभरात त्या मुलालाही मारलं गेलं. मुर्तझाचा भाऊ बुऱ्हाण आधी कैदेत होता, मग अकबराकडे पळाला. त्याची मुलं लोहगडावर बंदिवासात होती, त्यांतल्याच एकाला उचलून सरदारांनी गादीवर बसवलं. नगरजवळच्या डोंगरावरची जी इमारत लोक चाँदबीबीचा महाल म्हणून दाखवतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. या कर्तबगार वजिरालाही मुर्तझाने कैदेत टाकलं होतं.

ही नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, पण रीत लक्षात ठेवावी. ज्याची भीती वाटते त्याला किल्ल्यावर पाठवायचं. आरोप सांगायचा नाही, मुदत सांगायची नाही. आणि राज्य बदललं की तोच कैदी राजा, आणि राजा कैदी.

साताऱ्याचा तुरुंग

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. पुतण्या इब्राहीम नऊ वर्षांचा होता. चाँदबीबीने त्याला सांभाळलं आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. पहिला कारभारी कामिलखान डोईजड झाला तेव्हा तिने त्याला दूर करून किश्वरखानाला आणलं. तो तर आणखी पुढे गेला. बंकापूरचा मुस्तफाखान हा मातब्बर सरदार त्याच्या कारस्थानात मारला गेला. चाँदबीबीने जाब विचारल्यावर किश्वरखानाने बालराजाच्या कानात भरलं की ती अहमदनगरच्या भावाशी आतून पत्रव्यवहार करते, विजापूर त्याच्या घशात घालणार आहे.

पुरावा मागणारं कोणी नव्हतं. मुलाच्या नावाने हुकूम निघाला. ती महालातून निघायला तयार नव्हती, तेव्हा तिला ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवलं. राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, शत्रूशी संधान आहे, म्हणून तूर्तास आत ठेवलंय, असा तो बहाणा. चारशे वर्षांपूर्वीचा असला तरी आजच्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल.

पण विजापूरचे लोक गप्प बसले नाहीत. फरिश्ता हा इतिहासकार त्याच काळातला, आधी निजामशाहीत आणि मग विजापूर दरबारी राहिलेला. त्याच्या लिहिण्यावरून दिसतं की किश्वरखान रस्त्याने निघाला की लोक त्याला तोंडावर शिव्याशाप द्यायचे. मुस्तफाखानाचा खून आणि चाँद सुलतानाचा अपमान, या दोन गोष्टींचा जाब सामान्य माणूस उघडपणे मागत होता. हबशी सरदार फिरले, किश्वरखान गोवळकोंड्याकडे पळाला आणि तिकडे सूडातून मारला गेला. चाँदबीबी साताऱ्याहून सुटून परत आली. म्हणजे बिनचौकशीची कैद काय असते हे तिने ऐकलेलं नव्हतं, भोगलेलं होतं. पुढे १५९५ मध्ये ती जे वागली त्याचं मूळ इथे असावं असं आम्हाला वाटतं.

इब्राहीम मोठा झाला. १५८४ मध्ये त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या निमित्ताने चाँदबीबी माहेरी, अहमदनगरला आली.

बाळ चावंडला गेलं

१५९५ चा एप्रिल महिना. बुऱ्हाण निजामशहा वारला. मुलगा इब्राहीम गादीवर आला आणि चार महिन्यांत विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. मागे राहिला त्याचा मुलगा बहादूर, अगदी तान्हेपण सरलेलं पोर. चाँदबीबीच्या भावाचा हा नातू. हाच वारस, असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं आणि मूल तिच्याच जवळ होतं.

वजीर मियाँ मंजूला असा राजा नको होता, कारण बाळामागे चाँदबीबी उभी होती. त्याने बाळ तिच्याकडून जबरदस्तीने काढून घेतलं आणि चावंडवर पाठवून दिलं. गादीवर त्याने अहमद नावाचा एक मुलगा बसवला. हा राजघराण्यातला आहे, एवढंच लोकांना सांगण्यात आलं.

इथून पुढची हकिगत नीट वाचण्यासारखी आहे. काही दिवसांतच कुजबुज सुरू झाली की हा अहमद निजामशाही रक्ताचा नाहीच. त्याच्या बापाने मुर्तझाच्या काळात तसा दावा केला होता, चौकशी झाली होती आणि दावा खोटा ठरला होता. ही गोष्ट दडपून राजा बसवला होता. एखलासखानाच्या बाजूचे हबशी सरदार बिथरले. त्यांनी चावंडच्या किल्लेदाराकडे बहादूरला मागितलं. किल्लेदाराने मियाँ मंजूच्या हुकुमाशिवाय मूल द्यायला नकार दिला. मग एखलासखानाच्या लोकांनी काय करावं? बाजारातून त्याच वयाचं एक पोर उचललं, मोती नावाचं, आणि हाच निजामशहा म्हणून जाहीर केला.

एका शहरात दोन खोटे राजे, आणि खरा वारस कड्यावरच्या किल्ल्यात बंद. कैदी लोकांच्या नजरेआड ठेवला की हे असं होतं. त्याला पाहणारं कोणी नाही, तो जिवंत आहे की नाही हे विचारायला जागा नाही, म्हणून कोणीही काहीही सांगावं आणि लोकांनी मान्य करावं. गुपितामुळे राज्य सुरक्षित राहतं असं सांगितलं जातं. अहमदनगरात गुपितामुळेच राज्य पोकळ झालं.

घाबरलेल्या मियाँ मंजूने मग सगळ्यात मोठी घोडचूक केली. गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. मुराद अब्दुर्रहीम खानखानाला सोबत घेऊन निघाला. तोवर इकडे मंजूचा जम बसला होता आणि त्याला पाहुणे नकोसे झाले होते. तो अहमदला घेऊन शहराबाहेर पडला. किल्ला राहिला चाँदबीबीच्या गळ्यात.

तटावरची राणी

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांनी वेढा घातला. चाँदबीबीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बहादूरच्या नावाची ग्वाही फिरवली. चावंडवर असलेल्या त्या मुलाच्या नावाने ती नगर लढवणार होती.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. किल्ल्यातल्या लोकांना खबर लागली, त्यांनी आतून खणत दोन निकामी केले. बाकीच्यांचा शोध चालू असतानाच सुरुंग उडाला आणि तटाचा मोठा भाग ढासळला. मोठमोठे सरदार पळायच्या बेतात होते. त्या वेळी चाँदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब आणि हातात तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे परतले. दिवसभर मोगलांचे हल्ले परतवले. रात्री उजेडात उभं राहून तिने भिंत पुन्हा बांधून घेतली, सकाळी मोगलांनी पाहिलं तर खिंडार बुजत आलेलं. गोळे संपले तेव्हा तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरल्याची दंतकथा अजून सांगतात. दंतकथा असेल, पण ती कुणाबद्दल तयार होते यालाही अर्थ असतो.

१५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना गेला, अहमदनगर वाचलं. आणि चाँदबीबीने चावंडला माणसं पाठवली. बहादूरला आणून तिने गादीवर बसवलं. मियाँ मंजू अजून अहमदचा हट्ट धरून होता. तिने विजापूरच्या इब्राहीमला, म्हणजे आपणच वाढवलेल्या पुतण्याला, मध्ये घातलं. इब्राहीमने मंजूला बोलावून घेतलं, अहमदलाही विजापुरात उपजीविकेची सोय करून दिली. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. हरलेल्या खोट्या राजाला दुसऱ्या कुठल्या चावंडवर टाकलं नाही. एकाला सोडवायचं म्हणजे त्याच्या जागी दुसऱ्याला कोंडायचं, ही घराण्याची जुनी रीत त्या वेळेपुरती तरी मोडली.

बंद दाराआडची बोलणी

पुढची चार वर्षं शांततेची नव्हती. सरदार आपापसांत भांडत राहिले, मोगल पुन्हा आले. १६०० साली शहजादा दानियाल आणि खानखाना नगरच्या तटाखाली होते. किल्ल्यात फूट होती. लढून टिकाव लागणार नाही हे चाँदबीबीला कळलं. तिने हमीदखान या अधिकाऱ्याला आपला विचार सांगितला. किल्ला अटींवर द्यायचा, आपली माणसं आणि मालमत्ता वाचवायची आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जायचं.

होय, जुन्नरला. ज्या डोंगरांत त्या मुलाला कोंडलं होतं, तिथेच त्याला मोकळं ठेवून राज्य पुन्हा उभं करायचा तिचा बेत होता.

हमीदखान बाहेर गेला आणि त्याने रस्त्यावर ओरडून सांगितलं की चाँद सुलताना फितूर झाली, किल्ला मोगलांना विकते आहे. जमाव महालात घुसला. कोणी विचारलं नाही की अटी काय आहेत, बेत काय आहे. त्या जमावाने तिला ठार केलं. जुलै १६०० चा तो सुमार होता. महिनाभराच्या आसपास किल्ला पडलाच, आणि तिने मिळवल्या असत्या त्यातली एकही अट मिळाली नाही.

तिला शहीद म्हणून आपण आठवतो, ते बरोबरच आहे. पण या प्रसंगातून दोन्ही बाजूंनी शिकायला हवं. विजापुरात लोकांनी प्रश्न विचारले तेव्हा एक बिनदोष बाई तुरुंगातून सुटली. नगरात लोकांनी प्रश्न न विचारता अफवेवर विश्वास ठेवला तेव्हा तीच बाई मारली गेली. जाब विचारणं वेगळं आणि झुंडीने धावणं वेगळं. आणि हेही खरं की राज्याचा निर्णय जेव्हा बंद दाराआड होतो, तेव्हा चांगल्या माणसाचा चांगला निर्णयही बाहेर फितुरी म्हणून विकता येतो.

मुलाचं काय झालं?

बहादूर तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. मोगलांनी त्याला अकबरापुढे नेलं आणि तिथून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पाठवलं. चावंडवरून सुटलेला मुलगा ग्वाल्हेरहून कधी सुटला नाही.

निजामशाही मात्र लगेच संपली नाही. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून ती उभी ठेवली, काही काळ जुन्नर हीच राजधानी होती. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, हुसेन निजामशहा ग्वाल्हेरला गेला. मग शहाजीराजांनी आणखी एका लहान मुर्तझाला पुढे करून राज्य चालवलं. तो मुलगाही आपल्याच तालुक्यातल्या, नाणेघाटाजवळच्या जीवधन किल्ल्यावर बंदिवासात होता आणि शहाजीराजांनी त्याला तिथून सोडवून पेमगिरीला नेलं, असं सांगतात. १६३६ मध्ये माहुलीला तोही मोगलांच्या हाती लागला आणि ग्वाल्हेरला गेला. शाहजहानच्या दरबारी इतिहासात नोंद आहे की त्या वेळी ग्वाल्हेरवर आधीचे दोन निजामशहा होतेच, एक दौलताबादेत धरलेला आणि एक अहमदनगर पडलं तेव्हाचा. अहमदनगर पडलं तेव्हाचा म्हणजे बहादूरच. छत्तीस वर्षं झाली होती. सहा वर्षांच्या पोराचा चाळिशी ओलांडलेला माणूस झाला होता, आणि गुन्हा काय होता हे अजून कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

कोणी म्हणेल, ते सुलतानांचे दिवस होते, आता संविधान आहे. बरोबर. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला कारण सांगावं लागतं, २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची वाट आहे. तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळापुढे न जाताही माणसाला आत ठेवता येतं, आणि जनहिताच्या नावाखाली काही गोष्टी सरकार त्याच्यापासूनही लपवू शकतं. आणीबाणीत मिसा कायद्याखाली हजारोंना असंच कोंडलं. जमाते इस्लामी आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, दोन्हींवर बंदी आली आणि दोन्हींची माणसं गजाआड गेली. बिनखटल्याच्या कैदेला धर्म नसतो. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सांगितलं की अशा कैद्याला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. त्यांचंच म्हणणं योग्य होतं, हे २०१७ साली त्याच न्यायालयाने मान्य केलं.

आणि मालेगाव आपण विसरलेलो नाही. २००६ च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. पाच वर्षं आत राहून २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. एक जण तो दिवस पाहायला हयात नव्हता.

आपल्या दीनमध्ये या विषयाची फार जुनी शिकवण आहे. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम बेगुनाह असून वर्षानुवर्षं कैदेत राहिले. बादशाहाचा माणूस सुटकेचा निरोप घेऊन आला तेव्हा ते लगेच निघाले नाहीत. आधी प्रकरणाची चौकशी करा, खरं-खोटं सगळ्यांसमोर येऊ दे, असं त्यांनी कळवलं. सुटकेपेक्षा त्यांना उघड इन्साफ मोठा वाटला. खलिफा हजरत उमर रजिअल्लाहु अन्हु यांना भर मशिदीत एका साध्या माणसाने कापडाच्या वाटपावरून जाब विचारला आणि त्यांनी तो दिला, हा किस्सा आपण मुलांना सांगतोच. राज्यकर्त्याला विचारणं म्हणजे बंड नाही. ती अमानतीची राखण आहे.

म्हणून आपल्या वस्तीतला कोणी उचलला गेला तर घाबरून दार लावून घेऊ नये आणि अफवेमागे धावूही नये. कोणत्या ठाण्यात नेलं, कोणत्या कलमाखाली, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्यांची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही घेतली का, २४ तासांत कोर्टात नेलं का, हे शांतपणे आणि लेखी विचारावं. माहिती अधिकाराच्या कायद्यात जीव आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे, तिचा वापर करावा. पकडलेला माणूस दुसऱ्या मोहल्ल्यातला, दुसऱ्या जातीधर्माचा असला तरी हेच करावं. चाँदबीबीने खोट्या राजालाही कोंडू दिलं नाही, हे आठवावं.

चावंडच्या किल्लेदाराकडे बाळ मागितलं तेव्हा तो वरचा हुकूम नाही एवढंच बोलला. असे किल्लेदार प्रत्येक काळात असतात. त्यांच्या दारात उभं राहून पुन्हा पुन्हा विचारणारी माणसं मात्र आपल्यातूनच तयार व्हावी लागतात. अल्लाह चाँद सुलतानाची मगफिरत करो आणि आपल्याला हक्काची गोष्ट विचारायची हिंमत देवो.